केळुसकरांचं पिवळं हेल्मेट

जिथे हेल्मेट सक्तीचं होतं तिथे केळुसकर ते घालत नसत, आणि जिथे कुणी विचारणारं नव्हतं तिथे न चुकता घालत. धक्क्यावर, क्रेनच्या खालून, ते उघड्या डोक्याने हिंडायचे. सेफ्टी ऑफिसरने दोनदा लेखी ताकीद दिली होती आणि दोन्ही ताकिदी त्यांनी डब्याखाली घ्यायला वापरल्या होत्या. पण बोट बेटाला लागली की ते फळीखालून पिवळं हेल्मेट काढायचे, हनुवटीखालचा पट्टा आवळायचे आणि मगच पाय वाळूवर ठेवायचे. बेटावर ना क्रेन, ना इमारत. गुडघ्याएवढी झुडपं, खडक, वाळू आणि वर आभाळ.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा विचारलं, "काका, इथे डोक्यावर काय पडणार आहे?"

"पडाचा काय नाय, बाय. टोचतला."

एवढं ते म्हणेपर्यंत वरून काहीतरी पांढरं सुसाटत आलं आणि माझ्या भांगाच्या बरोबर मध्ये चोच मारून गेलं. मी खाली बसले. केळुसकर शांतपणे म्हणाले, "हां. आता तुझी हजेरी लागली."

तो पक्षी म्हणजे सुरय. लांब टोकदार पंख, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. हे वर्णन मी पुस्तकातून घेतलं आहे. केळुसकर त्यांना नुसतं 'पाखरां' म्हणत. उन्हाळ्यात ते शेकड्यांनी या बेटावर येतात आणि उघड्या वाळूत, काडीचंही घरटं न करता, अंडी घालतात. मग त्यांना जगात कुणाचंच भय उरत नाही. माझंही नाही आणि, पुढे कळलं त्याप्रमाणे, आमच्या अध्यक्षांचंही नाही.

आमची कंपनी समुद्रात धक्के आणि बांध बांधते. आखातातल्या रास अल खैमाच्या किनाऱ्यावर काम मिळालं तेव्हा परवान्यात एक अट होती: समोरच्या बेटावर लक्ष ठेवायचं आणि दर महिन्याला अहवाल द्यायचा. लक्ष ठेवायला केळुसकरांना नेमलं. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचा माणूस, समुद्रावर जन्म गेलेला, कंपनीत खलाशी म्हणून लागलेला. कागदावर त्यांचा हुद्दा होता 'मरीन सपोर्ट असिस्टंट, ग्रेड टू'. ग्रेड वन कोण, हे मला कधीच सापडलं नाही. अहवाल लिहायला मी होते. मी अल नहदातून रोज पहाटे गाडी काढून ऑफिसला येते आणि कंपनी जे करते ते केल्यापेक्षा बरं दिसेल अशा इंग्रजीत लिहिते. याला कॉर्पोरेट कम्युनिकेशन्स म्हणतात.

पद्धत अशी होती. महिन्याच्या शेवटी केळुसकर फोन करायचे. "लिव," म्हणायचे, आणि मालवणीत सांगत सुटायचे. मी कानाला फोन धरून त्याचं इंग्रजी करायची. ते म्हणत, "त्या इंजिनियराचो कुत्रो बेटावर इल्लो. माका सांगा, कुत्रो खंयचो पर्यावरणवालो?" मी लिहायची, 'पाळीव प्राण्यांच्या वावराबाबत एक निरीक्षण नोंदवण्यात आले.' ते म्हणत, "मे म्हयन्यापासून कोणी म्हणजे कोणी हयसर पाय ठेवचो नाय. पाखरां उठली की धा मिनटांत अंडी शिजतत. तीन येळा लिव." मी एकदाच लिहायची, 'प्रजनन काळात अभ्यागतांच्या हालचालींचे यथायोग्य नियमन व्हावे असे सुचवले जाते.' वाक्य मला आवडलं होतं. त्याला कुठून धरावं ते कुणाला कळलं नसतं. आमच्या धंद्यात तो गुण समजतात.

वर्षातून एकदा, दोन आठवड्यांसाठी, ॲलन यायचे. परवाना देणाऱ्यांनीच सुचवलेले पक्षितज्ज्ञ. सत्तरीचे, उंच, उन्हाने सोललेल्या नाकाचे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगतच्या एका चिमुकल्या बेटावर, तिथल्या पक्ष्यांची राखण करण्यात, त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. त्यांचं इंग्रजी मलाही निम्मंच कळायचं. केळुसकरांना अजिबात नाही, आणि त्याचा त्यांना अजिबात त्रास नव्हता. ॲलन आपल्या भाषेत बोलत, केळुसकर आपल्या. दोघे तासन्‌तास बोटीत बसून एकमेकांना हवा, पाणी आणि पाखरं समजावत, आणि मी दुभाषी म्हणून मध्ये पडले की दोघेही जरा नाराज होत.

ॲलननी दिलेला त्यांच्या बेटाचा एक फोटो केळुसकरांच्या धक्क्यावरच्या केबिनमध्ये चिकटवलेला होता. हिरवंगार गवत, दीपगृह आणि रंगीत चोचीचे गुबगुबीत पक्षी, बिळांच्या तोंडाशी उभे. केळुसकर त्यांना 'नाकवाले' म्हणायचे. त्या बेटाबद्दल त्यांचे प्रश्न संपत नसत, आणि ते विचारायला मात्र मी चाले.

"इचार, थंय माणसां कशी जातत?"

ॲलननी सांगितलं की ठरलेल्या महिन्यांतच बोट जाते, तिकीट काढून. वाटेच्या कडेला दोरी बांधलेली असते. कुणी दोरी ओलांडत नाही. धक्क्यापाशीच सुरयांची वसाहत आहे, त्यामुळे लोक डोक्यावर हात किंवा काठी धरून चालतात.

"म्हणजे पैशे देवन टोचून घेतत?"

"हो."

"आणि दोरी बांधली म्हणान थयसर जाणत नाय?"

"नाही जात."

केळुसकर म्हणाले, "खंयचो देश म्हणायचो हो!" दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठूनशी निळी नायलॉनची दोरी आणली आणि आमच्या बेटावर, उतरायच्या जागेपासून दहा पावलांवर, खुंट ठोकून बांधली. पहिल्याच आठवड्यात आमचे दोन सर्वेअर ती ओलांडून सेल्फी काढून आले. केळुसकरांनी त्या दोघांना परत धक्क्यावर आणलं, पण वाटेत इंजिन बंद करून, भर उन्हात, चाळीस मिनिटं त्यांना बोटीत बसवून ठेवलं. "काय नाय, मोटर जरा तापली," म्हणाले. मग त्यांच्या घामाने चिंब चेहऱ्यांकडे बघून विचारलं, "कसा वाटता? अंड्याकसुद्धा असाच वाटता."

ही उन्हाची गोष्ट त्यांना ॲलनपेक्षाही आधी उमगली होती, असं ॲलनच सांगायचे. स्कॉटलंडमध्ये पक्षी अंड्यावर बसतो तो ऊब द्यायला. इथे जूनमध्ये बाहेरच भट्टी. ऊन चढलं की आमच्या सुरया अंड्यावर बसतच नाहीत; उभ्या राहतात, पंख किंचित फुलवून, अंडं आपल्या सावलीत येईल अशा. अधूनमधून समुद्रावर जाऊन पोट भिजवून येतात. "ही ऊब देवक बसणत नाय," केळुसकर म्हणायचे. "ही सावली देवक उभी ऱ्हवतत. दिसभर. आणि तुम्ही साहेब लोक लिफ्ट बंद पडली तर बोंब मारतास."

घरट्यांची मोजणी मोसमात एकदाच, उजाडता उजाडता, ऊन पडण्याच्या आत उरकायची. एकच घरटं दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून मोजलेल्या प्रत्येक घरट्यात खूण टाकायची असते. ॲलन त्यासाठी मॅकरोनीचे सुके तुकडे वापरत. केळुसकरांनी एक वर्ष ते सहन केलं. पुढच्या सुट्टीवरून येताना त्यांनी गावाहून पिशवीभर चिंचोके आणले. मोजून भरलेली पिशवी. घरट्यागणिक एक चिंचोका. शेवटी पिशवीत उरले ते वजा केले की झाला हिशेब. मी आपली हुशारी दाखवायला म्हटलं, "काका, उद्या बेटावर चिंचेचं बन होईल."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा हुशारी दाखवली नाही. "भाजून आणलंय. रुजूचे नाय. पाखरांच्या घरात आपला झाड कित्याक?"

भाजलेले चिंचोके त्यांना स्वतःलाही आवडायचे. म्हणून मोजायचे उजव्या खिशात आणि चघळायचे डाव्या खिशात, असा कडक नियम होता. मोजणीच्या दिवशी डावा खिसा ते सेफ्टी पिनने बंद करत.

त्या एका सकाळखेरीज ॲलन आणि केळुसकर आणखी एक काम करत. पिल्लं थोडी मोठी झाली की त्यांतल्या काहींच्या पायात हिरव्या रंगाची बारीक कडी अडकवायची. ॲलननी सांगितलं होतं की ही पिल्लं उडून जातील, कुठे कुठे फिरतील, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी वाचलीसावरली तर याच बेटावर अंडी घालायला परत येतील. केळुसकरांनी हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. "हयच? नक्की हयच?"

"नक्की काही नाही. पण बहुतेक इथेच."

"इन्शाल्ला," केळुसकर म्हणाले. हे त्यांना इथल्या भाषेतलं सगळ्यात उपयोगी वाक्य वाटायचं.

कडी घालून दोन वर्षं झाली होती, आणि केळुसकरांना साठी उलटून गेली होती. त्या वयाच्या माणसाचा व्हिसा वाढवायचा तर आमच्याकडे जनरल मॅनेजरच्या सहीचं पत्र लागे. ते फाइलमध्ये तयार होतं. केळुसकर दर दोन दिवसांनी विचारायचे, "झाली काय सही?" गावी त्यांचं काही अडलं नव्हतं. घर होतं, मुलगा होता, बोट होती. "बायल म्हणता, आता येवा. मी सांगलंय, आणखी दोन वर्सां. पोरां येवची आसत." त्यांच्या बायकोला ही पोरं कोणती ते माहीत होतं की नाही कोण जाणे.

याच सुमारास सबनीस साहेबांना कल्पना सुचली.

सबनीस आमचे जनरल मॅनेजर. पुण्याचे. माणूस वाईट नव्हे. फक्त कुठल्याही गोष्टीला गालिचा आणि दीपप्रज्वलन जोडलं नाही तर ती घडली असं त्यांना वाटत नसे. त्यांनी मला बोलावलं. "मुग्धा, यंदा एन्व्हायर्नमेंट डे आपण बेटावर करायचा. चेअरमनसाहेब स्वतः. चाळीस गेस्ट्स. छोटा तंबू, बॅनर, पाच मिनिटांचं भाषण, ब्रेकफास्ट. ऑप्टिक्स बघ काय येतील! मागे समुद्र, वर पक्षी."

पर्यावरण दिन जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्या आठवड्यात बेटावर पाय ठेवायला जागा नसते, कारण तिथे अंडी असतात. पर्यावरणाचा गौरव करायला वर्षातला नेमका असा दिवस निवडायचा की जेव्हा आपण गेल्याने ते मरेल, यासाठी कल्पकता लागते. मी म्हटलं, "सर, तो पक्ष्यांचा सीझन आहे. केळुसकर दर महिन्याला सांगतात."

"कुठे सांगतात?" सबनीसांनी फाइल ओढली. "हे बघ. तुझंच ड्राफ्टिंग. 'हालचालींचे यथायोग्य नियमन.' मग? करतोच आहोत की नियमन. सत्तर जण म्हणत होते, मी चाळीस केले."

माझं उत्तर मीच तीन वर्षं इस्त्री करून ठेवलं होतं.

केळुसकरांना सांगायला मी स्वतः धक्क्यावर गेले. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण मी सांगलेला तू लिवलंस मा?"

मी फोनवर अहवाल उघडला आणि ते वाक्य मराठीत वाचून दाखवलं. केळुसकरांनी डाव्या खिशातला चिंचोका तोंडात टाकला, या गालातून त्या गालात नेला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बरा लिवलंस," म्हणाले. "पण ह्यात पाखरू खंय असा?"

ठरलेल्या दिवशी सकाळी साडेसहाला दोन बोटी निघाल्या. पहिलीत अध्यक्ष, सबनीस, निवडक पाहुणे आणि मी. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्याशुभ्र, पायघोळ कंदुरातले एक वयस्क, मितभाषी अरब गृहस्थ. त्यांना मी वर्षातून दोनदा, रिबनीच्या पलीकडे उभी राहून, पाहत असे. दुसऱ्या बोटीत उरलेले पाहुणे, तंबू, उभे बॅनर, नाश्त्याचे डबे आणि गुंडाळलेला लाल गालिचा. बेटाभोवती उथळ खडक आहेत आणि त्यांतली वाट एकट्या केळुसकरांना ठाऊक, त्यामुळे पहिली बोट त्यांच्याकडे होती आणि दुसरीने मागून यायचं होतं. समुद्र तळ्यासारखा होता.

बेटापासून दोनेकशे मीटरवर केळुसकरांनी वेग कमी केला, मग इंजिन बंद केलं, आणि नांगर टाकला. मागची बोटही थांबली. बेटावरून कलकलाट ऐकू येत होता. केळुसकरांनी फळीखालून पिवळं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. डोक्यावर नाही.

"काय झालं?" सबनीस म्हणाले. "यल्ला, केळुसकर, पुढे घ्या."

"हयसून बघा, साहेब."

"इथून काय बघा? उतरायचंय आपल्याला."

"उतराचा नाय. पाखरां अंड्यार आसत. आता उठली काय परत बसापर्यंत ऊन वर येतला. आणि ते बघा." त्यांनी बेटाच्या टोकाच्या खडकाकडे बोट केलं. तिथे पाच-सहा मोठे सीगल ओळीने बसले होते. "ते वाट बघतत. आपली. पाखरां उठली की ते नाश्तो करतले. तुमच्या आधी."

सबनीसांचा चेहरा लाल झाला. ते आवाज खाली आणून, दातांतून, मराठीत बोलू लागले, म्हणजे अध्यक्षांना कळू नये. "केळुसकर, हा तमाशा नको. चेअरमन बसलेत. तुमचं पत्र माझ्या टेबलावर आहे, लक्षात आहे ना?"

"आसा लक्षात."

"मग?"

"मगे काय, साहेब. पत्र तुमच्या टेबलार असा. अंडी थंय आसत." एवढं बोलून त्यांनी इंजिनाची चावी काढून खिशात टाकली. मी पाहिलं, ती उजव्या खिशात टाकली.

या सगळ्यात अध्यक्षांकडे कुणी पाहिलंच नव्हतं. ते दुर्बीण लावून बेटाकडे बघत होते. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी दुर्बीण खाली केली, घड्याळ पाहिलं आणि त्यांच्या वयाचे इथले बरेच लोक बोलतात तशा सराईत हिंदीत म्हणाले, "अच्छा है. बहुत अच्छा है. गरमी हो रही है. नाश्ता किधर है?"

"सर, आयलंडवर ठेवलाय... म्हणजे ठेवणार..." सबनीस म्हणाले.

"इधर ही दे दो. खलास."

मग मागची बोट बाजूला आली, डबे या बोटीत आले, आणि कंपनीचा पर्यावरण दिन उकडलेली अंडी आणि पराठे खाऊन बोटीतच साजरा झाला. भाषण राहून गेलं. अध्यक्षांना बेटावर उतरायचं आहे असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांना स्वतःला ते कुणी विचारलंच नव्हतं. सुरया एकदाही उठल्या नाहीत.

मला वाटलं, सुटलो. पण सबनीसांचा गालिचा गुंडाळलेलाच परत आला होता, आणि ते विसरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शिवाय आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी हेड ऑफिसला विचारलं होतं की निमंत्रण बेटाचं, मग उतरवलं का नाही. दोन दिवसांनी केळुसकरांना लेखी खुलासा मागितला गेला. खुलासा मीच लिहायचा होता, नेहमीप्रमाणे.

सबनीसांनी मला आत बोलावून दार लावलं. आवाजात राग नव्हता, उलट दमलेपण होतं. "हे बघ, मला म्हाताऱ्याचं वाईट करायचं नाहीये. लिही की समुद्र खवळलेला होता, सेफ्टीच्या कारणास्तव उतरता आलं नाही. त्यांनी सही केली की विषय संपला. मीही माझी सही करतो."

हा खरोखरच चांगला तोडगा होता. मी पाच मिनिटांत सुंदर परिच्छेद लिहिला. 'प्रतिकूल सागरी परिस्थिती' असे शब्द होते त्यात. प्रिंट घेऊन धावत धक्क्यावर गेले. केळुसकर केबिनमध्ये दोरीला गाठ मारत बसले होते.

मी वाचून दाखवलं. म्हटलं, "काका, फक्त सही करा. पत्र होईल. पुढच्या वर्षी तुमची पोरं येतील तेव्हा तुम्ही इथे असाल."

"समुद्र खंय खवळलेलो होतो?"

"नव्हता. पण कोण बघायला येतंय?"

"तू होतंस."

केळुसकरांनी दोरी बाजूला ठेवली. "बाय, माका शिकलेला कमी. पण एक सांग. आज मी समुद्राच्या नावान लिवन दिलंय. फुडल्या वर्सा त्याच दिवशी समुद्र बरो असलो, तर तो साहेब काय म्हणतलो? म्हणतलो, गेल्या वर्सा समुद्र खराब होतो म्हणान रवलंव. औंदा बरो असा, चला. मगे मी काय सांगू? आणि मी नसलंय तर कोण सांगतलो?"

"तुम्ही नसाल, हाच तर मुद्दा आहे. सही केलीत तर असाल."

"किती वर्सां? दोन? पाखरां दर वर्सा येतली." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे, त्या नाकवाल्यांकडे बघितलं. "तू लिव. मी सांगतंय तसा. तीन येळा नको, एकदाच लिव. पण इस्त्री नको."

मग मी लिहिलं. शब्दाला शब्द. 'समुद्र शांत होता. पक्षी अंड्यांवर होते. माणसं उतरली असती तर पक्षी उठले असते आणि अंडी दहा मिनिटांत उन्हाने मेली असती. म्हणून मी कुणाला उतरू दिलं नाही. मे ते ऑगस्ट कुणालाच उतरू देऊ नये. पां. बा. केळुसकर.' इंग्रजीत ते पाच वाक्यांत बसलं. इतक्या वर्षांत माझ्या हातून लिहिलं गेलेलं ते पहिलंच लिखाण होतं ज्याचा दुसरा कुठलाही अर्थ काढता येत नव्हता. मी ते फाइलमध्ये लावलं, मासिक अहवालाला जोडलं, आणि परवाना देणाऱ्यांकडे दर महिन्यासारखं पाठवून दिलं. सबनीसांना नंतर सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "मग माझ्याही हातात काही राहिलं नाही." व्हिसाचं पत्र त्यांच्या टेबलावर मुदत संपेपर्यंत पडून राहिलं.

ऑगस्टच्या शेवटी, पिल्लं उडून गेल्यावर, केळुसकर गेले. निरोपसमारंभ नव्हता, ग्रेड टूला नसतो. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. सामानात एक बॅग आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्कॉटलंडच्या बेटाचा फोटो. हेल्मेट माझ्या गाडीतच राहिलं होतं. मी आणून दिलं तर म्हणाले, "ता तुका. तुझो भांग अजून बरो असा." चिंचोक्यांची पिशवीही माझ्याकडे दिली. "भाजलेले आसत. पण खाव नको, हिशेब चुकतलो." आत वळताना एकदा थांबले. वाटलं, आता काहीतरी जड बोलतील. म्हणाले, "त्या खुट्याक परत दोरी बांध. सैल झाली."

कार्यालयात माणसापेक्षा कागदाचं आयुष्य जास्त असतं, हे मला माहीत होतं. फक्त त्याचा कधी चांगला उपयोग होताना पाहिला नव्हता. हिवाळ्यात परवान्याचं नूतनीकरण आलं. त्या लोकांनी फाइल वाचली आणि नव्या अटींमध्ये एक ओळ घातली: मे ते ऑगस्ट, बेटावर कुणीही उतरायचं नाही. 'यथायोग्य' वगैरे काही नाही. केळुसकरांची ओळ जशीच्या तशी होती. पुढच्या जूनमध्ये सबनीसांनी पर्यावरण दिन एका हॉटेलच्या हॉलमध्ये केला. बेटाच्या आकाराचा मोठा केक मागवला होता, त्यावर साखरेचे पक्षी. अध्यक्षांनी तो कापला. साखरेच्या बेटावर सुरीने सगळे उतरले. मी माझ्या वाट्याचा तुकडा मुलीसाठी डब्यात घरी नेला. तिने पक्षी आधी काढून बाजूला ठेवला. "Aai, this one's for bird ajoba," म्हणाली.

ॲलन त्या वर्षीही आले. केबिनमध्ये गेले, फोटोची रिकामी जागा पाहिली आणि बाहेर आले. पहाटेची मोजणी, परवान्याने सूट दिलेलं तेवढं एकच उतरणं, आम्ही दोघांनी केली. मी पिवळं हेल्मेट घालून, चिंचोके उजव्या खिशात घेऊन. त्यानंतर बेटावर पाय ठेवायचा नव्हता, म्हणून रोज बोटीतून दुर्बिणीने बघायचं. तिसऱ्या का चौथ्या सकाळी, साडेआठच्या सुमारास, एका सुरयीच्या पायात मला हिरवं काहीतरी दिसलं. मी दुर्बीण ॲलनकडे दिली. त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्यांचं सोललेलं नाक आणखी लाल झालं.

किनारा जवळ होता, रेंज होती. मी तिथूनच केळूसला फोन लावला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज आला आणि मग केळुसकरांचा.

"काका, मुग्धा बोलतेय. बेटावरून... म्हणजे बेटासमोरून. तुमचं पोर आलंय. हिरवी कडी. अंड्यावर आहे."

पलीकडे त्यांनी आधी कोंबड्यांना हुसकावलं.

"कडी दिसली तुका?"

"हो, अगदी स्वच्छ. ॲलननीही पाहिली."

"बसलेला असता तर पाय दिसतो नाय," केळुसकर हळू आवाजात म्हणाले. "म्हणजे ता उभा असा. म्हणजे थंय ऊन चढला. आणि तू खूप जवळ गेलंस."

मी बेटाकडे बघितलं. ती सुरय पंख फुलवून उभी होती, अंडं तिच्या सावलीत. नजर आमच्यावर.

"आता बोलत ऱ्हव नको, बाय," ते म्हणाले. "बोट मागे घे."